आटवलेलं पाणी

१

दीड महिन्याची पोर ओठांपासून नखांपर्यंत निळी पडली, आणि कातळवाडीनं दुसरा दिवस मावळायच्या आत गुन्हेगार शोधून काढला. पोरीची आई. आमच्या मावळात एसटी वेळेवर येत नाही, युरिया वेळेवर मिळत नाही, पण सुनेवर आळ मात्र अगदी वेळेवर येतो.

मी वडगावला जनावरांची डॉक्टर आहे. माणसांच्या भानगडी माझ्या वाट्याला येत नाहीत आणि मला त्यांची हौसही नाही. पण त्या सुनेचे वडील भिकाजीभाऊ आमच्या दवाखान्यात आयुष्यभर ड्रेसर होते. माझ्या पहिल्या अडलेल्या म्हशीच्या वेळी मला धीर दिला तो त्यांनी. ते सकाळी त्यांच्या गावाहून, इंदुरीहून येऊन दारात उभे राहिले, तेव्हा हातातला चहा मी तसाच ठेवला.

"मॅडम, मानसीला ठाण्यात बसवलीय. काल दिसभर बसवली, रातच्याला माझ्याकडं सोडली, आज सकाळी पुन्यांदा बोलावलीय. म्हनत्यात, तिनंच लेकीला इख घातलं."

"आणि लेक?"

"हाय. तळेगावच्या दवाखान्यात हाय, वाचली. आमची मंडळी तिच्यापाशी बसलीय. नातू तेवढा सासूनं ठिवून घेतलाय, सोडीना."

मानसीला जुळं झालं होतं. मुलगा धट्टाकट्टा, तो आईच्या अंगावर पीत होता. मुलगी अशक्त, तिला ओढता येईना, म्हणून तिला डब्यातल्या पावडरीचं दूध बाटलीनं. परवा सकाळी ती निळी पडली. दवाखान्यात रक्त काढलं तर ते लाल नव्हे, चॉकलेटी. डॉक्टरांनी ओळखलं, इंजेक्शन दिलं, पोर वाचली. नायट्रेट पोटात गेलंय म्हणाले, बहुतेक खतातलं, कुठून गेलं ते घरच्यांना विचारा.

काल सकाळी पोलिसांनी घरच्यांना विचारलं. नळाचं पाणी तपासलं, ते स्वच्छ निघालं. मग स्वयंपाकघरातल्या माळ्यावर एक फोडलेली पिशवी सापडली, कॅल्शियम नायट्रेटची. बाटली भरत होती मानसी. झालं, संपला तपास! त्यात मानसी बौद्ध, नवरा कैलास मराठा, लग्न प्रेमाचं. त्या लग्नात जेवायला गावातलं कुणी फिरकलं नव्हतं. आळ घ्यायला मात्र झाडून सगळे हजर होते.

मी ठाण्यात गेले. मानसी बाकावर बसली होती, पदर दुधानं भिजलेला. हवालदार महिपती माझ्याकडे बघून हसला.

"मॅडम, तुमी जनावरांच्या डॉक्टर ना? हितं कशा काय?"

"म्हणूनच आले. तुमच्याशी बोलायला माणसांचा डॉक्टर कशाला हवा?"

मी मानसीला पिशवीबद्दल विचारलं.

"कैलास पॉलीहाऊसवर सुपरवायझर आहे. तिथून आणलं होतं, दारातल्या मोगऱ्याला घालायला. माळ्यावर ठेवलेलं सगळ्यांना माहीत आहे." तिनं नाक पुसलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "डॉक्टर, पाजण्याआधी मी ते दूध रोज चाखायचे, फार गरम आहे का बघायला. आणि बाळंतिणीचं म्हणून आईंनी दिलेलं पाणी मी तांब्यातांब्यानं प्यायले. मग मी का नाही निळी पडले?"

मला याचं उत्तर येत होतं. मोठ्या माणसाचं शरीर एवढं नायट्रेट पचवतं, तान्ह्या बाळाचं रक्त नाही पचवत. आईच्या दुधातूनही ते फारसं उतरत नाही, म्हणून मुलगा वाचला. मी उत्तर दिलं नाही, कारण मला दुसराच शब्द टोचला होता. आईंनी, म्हणजे सासूनं, दिलेलं पाणी. पोलिसांनी तपासलं होतं ते नळाचं.

२

कातळवाडी कामशेतच्या आत, डोंगराच्या कुशीत. घराला लागून भाताची खाचरं, आता चैत्रात भेगाळलेली. खाली ओढा. ओढ्याच्या वरच्या अंगाला पॉलीहाऊसची पांढरी छपरं.

रतनबाई, म्हणजे मानसीची सासू, ओसरीत बसून नातवाची झोळी हलवत होती. मुलगा झोपला होता. मी भिकाजीभाऊंकडून आले असं सांगितलं असतं तर तिनं दार लावून घेतलं असतं. म्हणून मी सरकारी काम काढलं. गोठ्यातल्या गाईला टोचलं आणि मग चहा मागितला. चहा आला.

"नळ आला म्हणजे तुमची सोय झाली, मावशी."

"कसली सोय? पावडर टाकत्यात त्यात. वास मारतोय. भांडी घासायला बरं. बाळंतिणीला आन लेकरांना त्यातला थेंब देत न्हाई मी."

"मग कुठलं देता?"

"डवऱ्याचं." तिचा चेहरा उजळला. डवरा म्हणजे ओढ्याकाठच्या वाळूत हातानं उकरलेला खड्डा. त्यात पाणी हळूहळू पाझरून साठतं, काचेसारखं नितळ. "वाळू गाळून देती. माझ्या सासूनं मला त्येच पाजलं, तिच्या सासूनं तिला. आन ते तसंच न्हाई द्यायचं. तपेल्यात आटवून निम्मं करायचं. बाळंतिणीचं पानी आटवलेलंच पायजे. आटवलं की त्यातलं वंगाळ जातंय."

माझा कप हातातच राहिला.

"मोठं कष्टाचं काम. मानसी आणत असेल?"

"छ्या!" रतनबाईनं झोळीची दोरी सोडली. "तिला त्या डवऱ्यापाशी कोन जाऊ देतंय? आमचा घराण्याचा डवरा हाय तो. मीच आनती, मीच आटवती, मीच हंड्यात भरून ठिवती. हंड्याला हात लावलेला चालत न्हाई मला. तिला पायजे तवा मी वतून देती."

अशी बाई घरोघरी असते, आणि तिला वाटतं आपण घर सांभाळतोय. संविधान शाळेत पाठ करून घेतात आणि हंडा तसाच राहतो. मला तिच्या तोंडावर काहीतरी फाडकन बोलावंसं वाटलं. पण ती आत्ता जे बोलून गेली होती त्याची किंमत तिला कळली नव्हती, म्हणून मी जीभ आवरली.

"पोलिसांना सांगितलंत हे?"

"त्येंनी इचारलंच न्हाई. दुधात काय घातलं ते इचारलं. पान्यात काय असनार? आमचं पानी!"

गाडीत माझ्याजवळ नायट्रेट तपासायच्या कागदी पट्ट्या असतात. जनावरांच्या हौदांसाठी. पट्टी पाण्यात बुडवायची. पांढरी राहिली तर पाणी ठीक, गुलाबी झाली तर खत उतरलेलं. जितकी गडद, तितकं वाईट. अंगणातल्या नळाखाली धरली, पांढरीच राहिली.

मग मी एकटीच ओढ्याकडे उतरले. डवरा सुंदर होता, खोटं कशाला बोलू! तळाचा खडान्‌खडा दिसत होता. कुणालाही ओंजळीनं प्यावंसं वाटलं असतं.

मी पट्टी बुडवली, आणि बघता बघता ती लग्नातल्या फेट्यासारखी गुलाबी झाली.

३

माळ्यावरची पिशवी कुणी हंड्यात ओतली असती, तर डवऱ्यात पट्टी पांढरीच राहायला हवी होती. इथं खुद्द डवराच नासला होता. म्हणजे ज्यानं कुणी हे केलं त्याला स्वयंपाकघरात पाऊलही टाकायची गरज नव्हती.

ओढ्यात थोडं पाणी वाहत होतं. मी काठाकाठानं वर निघाले. खडकांवर शेवाळ इतकं माजलं होतं की पाय ठरत नव्हता. अधूनमधून पट्टी बुडवली, गुलाबीच. मग पॉलीहाऊसच्या पल्याड, डोंगराच्या बाजूला जाऊन बुडवली. पांढरी. आता एवढ्यावर शाळेतलं पोरही सांगेल की चोर कुठं आहे. पण इंग्रजी बोलणाऱ्या चोराला आपल्याकडे आधी खुर्ची द्यावी लागते.

पॉलीहाऊसचा मालक समर्थ. लोणावळ्याच्या बंगल्यात राहून मोबाइलवर शेती करतो, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकतो. आज नेमका आला होता. आत गुलाबांच्या रांगाच रांगा, मातीत नव्हे, नारळाच्या भुशाच्या पेट्यांत. प्रत्येक रोपाला नळीनं खताचं पाणी.

"रोपं पितात त्यापेक्षा थोडं जास्तच द्यावं लागतं," तो म्हणाला. "उरलेलं पेटीखालून निथळतं."

"आणि निथळलेलं कुठं जातं?"

"टाकीत. परत वापरतो. एक थेंब बाहेर जात नाही, मॅडम. आम्ही पर्यावरणाबद्दल फार सेन्सिटिव्ह आहोत."

"बघू टाकी?"

तो जरा घुटमळला, पण घेऊन गेला. सिमेंटची मोठी टाकी, वर पत्रा. मी पत्रा सरकवला. तळाशी कोरडी पोती अंथरलेली, आणि त्यावर एक कुत्री पाच-सहा पिल्लांना पाजत पडलेली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तिच्या घरात घुसले आहे. खरं तर घुसलेच होते.

"हे... सध्या मेंटेनन्स चालू आहे," समर्थ म्हणाला.

"कुत्रीचा?"

त्यानं रुमालानं मान पुसली. जुनं खताचं पाणी परत वापरलं तर गुलाबांना रोग येतो, नाहीतर ते साफ करायची यंत्रणा बसवावी लागते. त्याला दोन्ही नको होतं. तिसरा मार्ग फुकटाचा होता आणि तो उतारावरून खाली वाहत होता.

"पाईप कुठून नेलाय?"

"कसला पाईप? तुम्ही शोधा, मॅडम. सापडला तर सांगा." हे म्हणताना मात्र त्याच्या आवाजात एकदम धीर आला. त्याला खात्री होती की पाईप सापडणार नाही.

४

मी ओढ्याकडच्या बांधावर गेले. सगळा काठ उन्हानं करपलेला, आणि एका जागी अळूचं रान. पानं सुपाएवढी, काळपट हिरवी, देठ मनगटासारखे. अळूला पाणी लागतं हे खरं, पण नुसत्या पाण्यानं अळू असा माजत नाही. त्याला कुणीतरी रोज पंगत वाढत होतं.

अळूपासून पॉलीहाऊसपर्यंत मातीचा एक लांब पट्टा नुकताच भरलेला होता. वर वाळका पाचोळा पसरलेला, घाईघाईनं. पाईप तिथं होता आणि कुणीतरी तो उपटून नेला होता. पोर आजारी पडल्यानंतर. म्हणजे त्याला कारण कळलं होतं. आणि कारण कळूनही तो गप्प बसला होता, मानसी ठाण्यात असताना!

"डॉक्टरबाई, तितं काय बघताय?"

मागं कैलास उभा होता. मानसीचा नवरा. डोळे लाल, दाढी वाढलेली. हातात फावडं.

"तू भरलास हा चर."

त्यानं फावडं खाली टाकलं. मग तिथंच बांधावर बसला.

"पाईप मीच टाकलावता, मालकांनी सांगितलं म्हनून. पान्यात काय, खतच हाय, वाटलं. आमीबी खाचरात टाकतोच की. आई लेकरांना डवऱ्याचं पाजती ते मला म्हाईतच नव्हतं. घरातल्या पान्याचं कोन बघतंय?"

पुरुष बघत नाहीत, इथंच तर सगळं बिघडतं. पाणी कुठून येतं ते बायकांनी बघायचं आणि कुठं सोडायचं ते पुरुषांनी ठरवायचं. एकाच घरात दोघं एकमेकांना विचारत नाहीत.

"कळलं कधी?"

"परवा संध्याकाळी. डॉक्टरनी खताचं नाव काढलं तवा. घरी येऊन आईला इचारलं, पानी कुठलं. तिनं डवरा म्हनल्याबरुबर समदं कळलं. तवाच मालकांना कळवलं आन जाऊन पाईप काढला."

"आणि बोलला नाहीस."

"कसं बोलू? नोकरी गेली असती. आईवर आलं असतं. मानसीला काय, चार सवाल इचारून सोडतील वाटलं." त्यानं वर पाहिलं, शाबासकी मागावी तसं. "पन आता काय धोका न्हाई, बाई. पाईप काढला. आता पानी चांगलं झालं. आईला बी सांगितलं, बिनधास्त आन म्हनून."

"कशासाठी आणायचं? पोरगी तर दवाखान्यात आहे."

तो गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. "पोराला. त्येची आई नाय ना कालपासनं."

झोळीतल्या पोराचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. मघाशी मी डवऱ्यात पट्टी बुडवली ती पाईप निघाल्यावर. आणि ती गुलाबी झाली होती.

५

पाईप उपटला म्हणजे ओढा धुतला जात नाही. महिनोन्‌महिने जे खत वाळूत मुरलं ते वाळूतच राहतं आणि डवऱ्यात पाझरत राहतं. हे मी त्याला पळतापळता ओरडून सांगितलं. कैलास माझ्या पुढं पळत होता.

आम्ही ओसरीत शिरलो तेव्हा नातू रतनबाईच्या मांडीवर होता आणि बाटली त्याच्या तोंडात. मी बाटली हिसकावून घेतली. ती संतापली.

"बाई, डोस्कं फिरलं का तुमचं? लेकरू पितंय!"

चुलीवर तपेलं होतं, खाली निखारे. मी पट्टी आत बुडवली. डवऱ्याच्या पाण्यात ती गुलाबी झाली होती. इथं ती जांभळट किरमिजी झाली.

"मावशी, आटवलं की जंतू मरतात. खत मरत नाही. पाणी वाफ होऊन जातं आणि खत मागं राहतं. निम्मं आटवलंत म्हणजे विष दुप्पट केलंत."

तिला ते कळलं की नाही कोण जाणे. ती नातवाकडे बघत होती. मीही पाहिलं. उजेडाकडे वळवलं तेव्हा दिसलं. ओठांच्या कडेला निळी रेघ उमटायला लागली होती.

कैलासनं गाडी कशी चालवली मला आठवत नाही. मागच्या सीटवर रतनबाई नातवाला छातीशी धरून एकच वाक्य म्हणत होती, "माज्या हातानं. माज्या हातानं." मी तिला गप्प बसवलं नाही आणि समजावलंही नाही. मला दोन्हींची इच्छा नव्हती. मी तळेगावला फोन लावून इंजेक्शन तयार ठेवायला सांगितलं, आणि दुसरा फोन महिपतीला केला.

६

मुलगा वाचला. उशीर झाला नव्हता म्हणून वाचला, कुणाच्या शहाणपणानं नव्हे.

महिपती मानसीला आणि भिकाजीभाऊंना घेऊन आला. मानसी थेट आत गेली, दोन्ही मुलांपाशी. आम्ही बाहेरच्या बाकांजवळ थांबलो. मी तिन्ही पट्ट्या महिपतीच्या हातावर ठेवल्या. नळाची, डवऱ्याची, तपेल्यातली.

"म्हंजे बाटलीत काय कालवलंच न्हाई कुनी?" तो म्हणाला.

"घरात तरी नाही. नळाचं पाणी सगळं घर पीत होतं, म्हणून घर धडधाकट. डवऱ्याचं पाणी फक्त बाळंतिणीला आणि बाटलीला. बाटली एकटी पोरगी पीत होती, म्हणून ती एकटी निळी पडली. तुम्ही आई उचललीत, आणि बाटली पोरग्याच्या तोंडात गेली."

"पन पिशवी? आन बाटली तर मानसीनंच भरली."

"पिशवी सगळ्यांना ठाऊक होती, मोगऱ्यासाठी आणलेली. पाण्याचं मावशीच सांगतील. मावशी, हंड्याला मानसीचा हात कधी लागला?"

रतनबाई भिंतीला टेकून बसली होती. एका दुपारीत ती म्हातारी झाली होती.

"कधीच न्हाई," ती म्हणाली. "म्या लावू दिला न्हाई."

"ऐकलंत? पाणी मावशीनं आणलं, मावशीनं आटवलं, मावशीनं ओतून दिलं. त्या पाण्यात मानसीनं काही घातलं म्हणायला तिला तिथवर पोचू तर द्यायला हवं होतं. या घरानं तिला पाण्यापासून दूर ठेवलं, आणि आज तेवढ्यावरच ती सुटतेय. लाज वाटते मला हे बोलायची. तुम्हालाही वाटू द्या."

महिपतीनं डोक्यावरची टोपी काढली आणि उगाच आतून पाहिली. भिकाजीभाऊ खिडकीबाहेर बघत होते.

"मग गुन्हेगार कोन, मॅडम?"

"एकानं फुकटात पाणी सोडायला सांगितलं, तो समर्थ. त्याच्या टाकीत कुत्री व्यायलीय, जाऊन बघा. दुसऱ्यानं पाईप टाकला, आणि परवा सगळं कळल्यावर पुरावा उपटून बायकोला ठाण्यात बसू दिलं."

कैलासनं मान खाली घातली होती. त्याच्या बुटांना अजून त्या चराची माती होती.

पुढचं सांगायला मला लाज वाटते, म्हणून थोडक्यात सांगते. समर्थला नोटीस गेली. त्यानं वकील दिला. वकील म्हणाला, ओढ्याच्या काठानं सगळीकडे खाचरं आहेत, तिथंही युरिया पडतो, मग माझ्या अशिलाचंच खत कशावरून? आणि यातली शरमेची गोष्ट ही, की तो अर्धा खरं बोलत होता. ओढ्यात सगळेच सोडतात. पावसात प्रत्येक खाचराचं पाणी बांध फोडून त्याच ओढ्यात उतरतं, आणि ओढा म्हणजे कुणाचाच नाही असं आपण सगळ्यांनी मिळून ठरवलंय. गुलाब अजून लोणावळ्याच्या हॉटेलांत जातात.

७

मुलांना घरी सोडलं त्या दिवशी मी गेले होते. रतनबाई आली नव्हती. कैलास आला होता, नवी दुपटी घेऊन. त्यानं भिकाजीभाऊंसमोर हात जोडले आणि मग मानसीकडे वळला.

"चुकलं माझं. नोकरी सोडली मी. महिपतीला समदं लिहून दिलंय, पाईपाचं, मालकाचं. आई बी आता काय बोलनार न्हाई. घरी चल."

मानसीनं मुलीला खांद्यावर घेतलं होतं. ती शांतपणे बोलली, आणि मला तिचा शांतपणा माझ्या रागापेक्षा जास्त लागला.

"पाईप टाकलास तेव्हा तुला माहीत नव्हतं. आईंनी पाणी पाजलं ते मायेनंच पाजलं. एवढंच असतं तर मी भांडले असते, रडले असते आणि आले असते. पण पोलीस न्यायला आले त्या सकाळी तुला सगळं माहीत होतं, कैलास. मी दारात अनवाणी उभी होते. तू आत गेलास. मला वाटलं आता काहीतरी बोलशील. तू माझ्या चपला आणून माझ्या पायाशी ठेवल्यास."

कैलासच्या हातातली दुपटी तशीच राहिली.

भिकाजीभाऊंनी मुलाला उचललं. मानसीनं रिक्षावाल्याला इंदुरी सांगितलं आणि ती आत बसली.